नवऱ्याचा वायरस

बेबीबाईच्या पित्ताच्या पिशवीतले खडे निघणार होते, हा त्या ऑपरेशनचा सगळ्यात किरकोळ फायदा. खडे काय, दोन वर्षांपासून होतेच. वड्यांचा रस्सा खाल्ला की कळ यायची, ओव्याची चिमूट तोंडात टाकली की बसायची. पोरीच्या लग्नाआधी दुखणं निस्तरून घेते आहे, असं एकोडीतल्या बायांना वाटलं. आपण इतके दिवस सांगत होतो ते बायकोनं एकदाचं ऐकलं, असं गोमाजीला वाटलं, आणि बिचारा त्या आनंदातच वावरत होता. बेबीबाईला साकोलीच्या दवाखान्यात खडे काढून टाकायला जायचंच नव्हतं. तिला तिथून भाऊ घेऊन यायचा होता.

भाऊ म्हणजे सेवकराम, तिच्या पाठचा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जी गावं गेली त्यांतलं तिचं माहेर. गाव उठायचं ठरलं तेव्हा सेवकरामनं निरोप धाडला होता, घर शेवटचं पाहून जा. इकडे एकोडीला धानाची रोवणी चालू, पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या बांधावर पडलेल्या, रोवणाऱ्या बाया चिखलात उभ्या. गाव उठलं त्या दिवशी बेबीबाई गेली नाही. सेवकराम बायको, लेकरं आणि माय घेऊन पवनीकडच्या नव्या गावठाणात गेला आणि तिथून एकच वाक्य पाठवलं : "तुले रोवणी मोठी झाली, बाई. मायबापाचं घर लहान." त्यानंतरच्या साऱ्या भाऊबीजा कोरड्या गेल्या. माय वारली तेव्हा दोघं तेरवीपर्यंत एकाच अंगणात होते, आणि पाणी हवं असलं तरी तिसऱ्या माणसाकरवी मागत होते.

आता खुशबूचं लग्न ठरलेलं. मुलगा कुंदन, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारा, नोकरी पक्की, स्वभावानं गरीब. सगळं जुळलं होतं. पण नवरीला मंडपात आणायला मामा लागतो. एक चुलतमामा होता, नुसती हाक मारायचा अवकाश, धावत आला असता. पण सख्खा असताना चुलतमामानं आणलेली नवरी म्हणजे अख्ख्या वऱ्हाडाला चघळायला विषय. शिवाय बेबीबाईला मामा पोरीसाठी हवा होता हेही अर्धंच खरं. अर्धा तिला स्वतःलाच हवा होता. हे मात्र ती मेली तरी कोणाला सांगणार नव्हती.

बोलावलं तर तो येणार नव्हता. पण दवाखान्यात भरती झालेल्या माणसाला भेटायला जाणं हा आपल्याकडे कायदाच आहे. भाऊबीज चुकवता येते, बारशाला निरोपावर भागवता येतं. पण सख्खी बहीण भरती आहे आणि भाऊ गेला नाही, हे कोणाच्याच पचनी पडत नाही. वैरीसुद्धा बिस्किटाचा पुडा घेऊन येतो, पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसतो, "आराम कर" म्हणतो आणि जातो. सेवकरामला तेवढं तरी करावंच लागेल, असा बेबीबाईचा अंदाज. आणि एकदा का तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला, की पुढचं ती पाहून घेणार होती.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, धान कापून बांधीत पडलं, आणि बेबीबाई भरती झाली. जाण्याआधी तिनं दुर्बिणीच्या छोट्या ऑपरेशनचं "मोठं ऑपरेशन" करून सगळ्या नात्यागोत्यात पोचवलं. पवनीच्या बाजूला जरा जास्तच मोठं करून पोचवलं.

लोक आले. अहो, मुंग्या लागल्यासारखे आले. एकोडीचे आले, लाखनीचे आले, जवाहरनगरहून कुंदनची आई नवी साडी नेसून आली. वॉर्डात स्टूल एकच, म्हणून येणारे शेजारच्या पलंगावर टेकायचे. त्या पलंगावर देवकाबाई नावाची म्हातारी होती, खुब्याचं हाड मोडलेली. ती पाय आखडून घ्यायची आणि सगळ्यांकडे लग्नघर पाहिल्यासारखी पाहत राहायची, कारण तिला भेटायला कोणीच येत नव्हतं. मुलगा हैदराबादकडे कामाला, सून बाळंतीण.

"तुयी माणसं लय हायेत व," देवकाबाई म्हणाली.

"हायेत न माय. जे पायजे थेच नाई," बेबीबाई म्हणाली आणि दाराकडे पाहिलं.

तिची जाऊ दुर्गाबाई लाखनीहून संत्र्यांची पिशवी घेऊन आली, ती आल्या आल्या बोलायलाच लागली. "घरी नातू ओकून ओकून सोकला, सून म्हणे जाऊ नोका, पण मी म्हटलं, बेबीले भेटल्याबिगर मी कशी राहू? लोक काय म्हणतीन?" बेबीबाईला ऑपरेशनमुळे फळं सध्या बंद होती. मग सोललेलं संत्रं वाया कसं घालवायचं? दुर्गाबाईनं फोडी वेगळ्या केल्या, शिरा काढल्या, आणि देवकाबाईच्या तोंडात एकेक करून भरवल्या. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. बेबीबाईला जावेचं कौतुक वाटलं, आणि आपल्या वॉर्डाची शोभा वाढली असंही वाटलं.

भाऊ मात्र आला नाही.

वॉर्डाची जबाबदारी डॉक्टर मोनिका यांच्याकडे होती. तरुण, चष्मेवाल्या, झोप अपुरी राहिलेल्या. त्यांनी टाके पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहे. आज घरी जा."

"दुखून राहिलं जी."

"कुठं?"

बेबीबाईनं हात ठेवला ती जागा ऑपरेशनपासून वीतभर लांब होती. दुसऱ्या दिवशी तिनं दुखणं दुसऱ्या बाजूला नेलं. तिसऱ्या दिवशी चक्कर काढली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काकू, तुम्हाला दुखतंय कमी आणि वाट जास्त पाहताय. कोण यायचंय?"

"कोनी नाई," बेबीबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "भेटाचा टाइम कितीपर्यंत असते जी?"

गोमाजीकडे तिनं रोज एकच चौकशी लावली होती. "सेवकले फोन लावला का?"

"लावला. उचलत नाई." आणि गोमाजी खिडकीबाहेर पाहायचा. खिडकीबाहेर हमरस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे टेकचंदचा पानठेला. बेबीबाईला त्या ठेल्याचाच संशय होता. तंबाखूच्या खर्ऱ्याचा. साक्षगंधाच्या दिवशी गोमाजीनं खुशबूच्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडला होता. तरी दिवसातून चार-पाच वेळा तो नारळपाणी आणायला खाली जायचा आणि बरेचदा नारळाशिवाय वर यायचा.

"नारळ?"

"संपले म्हणते."

"अन् तोंडात काय होय?"

"लवंग."

अशात एका दुपारी देवकाबाईनं "माय व" म्हटलं आणि पलंगाच्या कडेवरून भडाभडा ओकली. वॉर्डाची मावशी मालनबाई दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी अंथरूण बदलत होती. गोमाजी माणूस मायाळू. त्यानं म्हातारीचं डोकं धरलं, तोंड पुसलं, खाली फडकं फिरवलं, बादली सरकवली. मग भिंतीवरच्या सॅनिटायझरच्या दोन पिचकाऱ्या घेऊन हात खसाखसा चोळले. करोनापासून त्याचा सॅनिटायझरवर भलता विश्वास. घरी तो जेवणाआधी साबण सोडून तेच लावायचा आणि हाताला वास येतो म्हणून खूश व्हायचा.

"नारळपाणी आणतो म्हातारीले," म्हणाला आणि खाली गेला. पुष्कळ वेळानं आला. या वेळी नारळ होता.

त्यानंतर जे झालं ते बेबीबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात तिच्याच पोटात कोणीतरी ताकाची रवी फिरवल्यासारखं झालं. आधी वाटलं, खोटं दुखणं खरं करून दाखवायचं देवानं मनावर घेतलं. ती बादलीवर वाकली तोच समोरच्या पलंगावरची पोरगी वाकली. मग पडद्यापलीकडच्या पुरुषांच्या बाजूनं आवाज आला. मग आणखी एक. कोणी कोणाच्या जवळ बसलं नव्हतं, कोणी एका ताटात जेवलं नव्हतं, तरी अख्खा वॉर्ड कोणीतरी दोरी ओढल्यासारखा एकामागून एक वाकत चालला होता. उजाडेपर्यंत गोमाजी संडासाच्या दाराशी भिंतीला पाठ लावून बसला होता, चेहरा चुन्यासारखा. सकाळी खुशबूचा फोन आला : तिला होतं आहे, आणि जवाहरनगरहून निरोप आहे की कुंदनच्या आईलाही होतं आहे. म्हातारी ओकली त्या संध्याकाळी दोघीही वॉर्डात येऊन गेल्या होत्या.

"मंडईतले भजे," पुरुषांकडून कोणीतरी निदान केलं.

"टाकीचं पाणी," दुसरा.

"नजर," बेबीबाई म्हणाली. "लय लोकं आले मले भेटाले. कोनाच्या तरी पोटात दुखलं."

"पोटात तर सगळ्यांच्याच दुखतंय," डॉक्टर मोनिका आत येत म्हणाल्या. तोंडाला मास्क, हातात मोजे. त्यांनी भेटणाऱ्यांना बंदी केली आणि सगळ्या ओकणाऱ्यांना एका हॉलमध्ये आणलं, बाया-पुरुष एकत्र, मधला हिरवा पडदा नावाला. भिंतीवरचं सॅनिटायझर काढून तिथं साबण ठेवला. "नमुने नागपूरला पाठवते. पण मला नोरो वाटतोय. नोरोव्हायरस."

बेबीबाईला सलाईनखाली नीट ऐकू आलं नाही. "नवऱ्याचा वायरस?"

एवढ्या हालातही हॉल हसला. गोमाजीनं दुखावल्यासारखं पाहिलं. "माह्यावर कायले आणतेस व सारं?"

"नवऱ्याचा नाही, काकू. नो-रो," डॉक्टरही हसत होत्या. मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगू लागल्या. रात्रभराच्या थकव्यानं माणूस कधी कधी असा बोलका होतो. "हा नवा नाही. जगात जेवढ्यांना उलटी-जुलाब होतात, त्यांच्यात साधारण पाचांतला एक याचा. आणि दवाखाना म्हणजे तर याचं माहेर. माणसं जवळजवळ, अंगात शक्ती नाही, संडास एक, दाराची कडी एक. आपण बहुतेक वेळा तपासतच नाही. काहीतरी खाण्यात आलं म्हणतो, सलाईन लावतो, घरी पाठवतो. म्हणून कोणाला नावही ठाऊक नाही."

"केवढा असते थो?" बेबीबाईनं विचारलं.

"दिसत नाही. साध्या मायक्रोस्कोपमधूनही दिसत नाही. एका उलटीत कोट्यवधी असतात, आणि दुसऱ्याला पाडायला त्यातले वीस-पंचवीससुद्धा पुरतात. दाराच्या कडीवर, नळावर, कपड्यावर दिवसच्या दिवस बसून राहतो. सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, एवढंच."

बेबीबाई हिशेबी बाई. खंडीभर धानातून मूठभर पोचट बदरा नजरेनं वेगळा काढणारी. पण कोटी एका बाजूला आणि वीस दुसऱ्या बाजूला, ही मापंच तिच्या पायलीत मावत नव्हती. तिनं दाराच्या कडीकडे पाहिलं. किती हातांनी धरली असेल ती. आपल्याला भेटायला आलेल्या सगळ्यांनी. पितळ नुसतं चमकत होतं, देवघरातल्या घंटेसारखं निष्पाप.

"पाय नाई, डोळे नाईत," ती हळूच म्हणाली, "तरी घर चुकत नाई बाप्पा त्याचं."

दुपारी खाली गलका झाला. पानठेलेवाला टेकचंद एका माणसाला खांद्यावर जवळजवळ उचलून आणत होता. "डॉक्टरीणबाई, पाहा जी! ठेल्यावरच पडला. सकाळपासून ओकून राहिला. म्हटलं समोरच दवाखाना हाय, चाल. तर म्हणे, तिथी नेऊ नको, दुसरीकडं कोठीबी ने!"

माणसाच्या डोळ्यांखाली खड्डे पडले होते, ओठ सुकले होते, शर्टाचं वरचं बटण मात्र लावलेलं. बेबीबाईनं ते बटण आधी ओळखलं. लहानपणापासून तो गळ्यापर्यंत बटण लावायचा.

सेवकराम.

त्याला दोन पलंगांपलीकडे टाकलं. डोळे मिटले की आपण दिसत नाही, असं समजून त्यानं डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी सुई लावता लावता विचारलं, "गाव?"

"पवनीच्या पुढं."

"या वॉर्डात कधी आला होता?"

"नाई."

"कोणाला भेटायला?"

"नाई म्हटलं न जी. पायबी नाई ठेवला."

"मग इथलंच दुखणं तुम्हाला कसं झालं? तेही याच वेळी? हे वाऱ्यावर पवनीपर्यंत जात नाही. कोणाच्या तरी हातचं पोटात गेलंय. काय खाल्लं परवा?"

सेवकरामनं डोळे आणखी घट्ट मिटले. बेबीबाईनं मान वळवली आणि गोमाजीकडे पाहिलं. गोमाजी छताकडे पाहत होता. छताकडे इतक्या भक्तीनं पाहणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

परवा. परवा म्हातारी ओकली. यांनी पुसलं. ते वासाचं पाणी हाताला चोळलं. खाली गेले. पुष्कळ वेळानं आले.

"अजी," ती म्हणाली, "हात दाखवा."

"कायले?"

"दाखवा म्हटलं न."

गोमाजीनं हात पुढे केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही टोकाशी तपकिरी. लवंगेनं बोटं रंगत नाहीत. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातानं घोटतात, तो खर्रा. आणि खर्रा एकट्यानं खायची वस्तू नव्हे. एकानं घोटायचा, पन्नी उघडून पुढे करायची, दुसऱ्यानं त्यातच चिमूट घालायची, मग पहिल्यानं. जो आपल्या पन्नीत दुसऱ्याला बोटं घालू देत नाही, त्याला चांगला माणूस म्हणत नाहीत.

"कोनासंगं खाल्ला?" बेबीबाई म्हणाली.

टेकचंद अजून दारातच होता. त्याला या घरच्या भानगडी काय ठाऊक! "कोनासंगं म्हंजे? या दोघांची तर रोजची बैठक हाय, बाई. हे पवनीवाले दोन गाड्या बदलून येतेत, बाकावर बसतेत. मंग तुमचे हे उतरतेत, खर्रा घोटतेत. अन् पवनीवाले रोज थेच इचारतेत : बाईनं काय खाल्लं, बाईले झोप आली का, टाके सुकले का. मले वाटे, कोनी लेकरू भरती हाय यांचं."

हॉलमध्ये कोणी ओकलंसुद्धा नाही, इतकी शांतता झाली.

गोमाजी छताला उद्देशून म्हणाला, "त्यानं शपथ घातली होती व. सांगतलं तर येनं बंद करीन म्हणे."

बेबीबाईला राग यायला हवा होता. पोरीच्या डोक्यावरची शपथ मोडली, रोज खोटं बोलला, वर दुखणं वाटलं. पण राग यायच्या आधीच दुसरं काहीतरी आलं, अंगावर काटा आणणारं. तिनं खिडकीतून तो रस्ता पाहिला. चांगला रुंद, ट्रक धावणारा. याच रस्त्याच्या त्या काठावर तिचा भाऊ रोज येऊन बसत होता आणि त्याला तो ओलांडता येत नव्हता. तिनं मोठं ऑपरेशन पसरवलं, दुखणी रचली, दाराकडे डोळे लावून बसली, तरी त्याला आणता आलं नाही. आणि हे, ज्याला पाय नाहीत, जे कोणाला दिसत नाही, ते म्हातारीच्या तोंडून निघालं, नवऱ्याच्या दोन बोटांवर बसलं, रस्ता ओलांडून गेलं आणि भावाला हाताला धरून घेऊन आलं. कोणाच्या पोटात कोणाविषयी काय आहे, ते यानं अख्ख्या हॉलसमोर बाहेर काढलं होतं.

"सेवक," तिनं हाक मारली. इतक्या वर्षांनी ते नाव तोंडाला अनोळखी लागलं.

डोळे मिटलेलेच. "तुले भेटाले नव्हतो आलो. गाडी बदलाले थांबलो होतो."

"पवनीहून पवनीले जाची गाडी साकोलीले बदलते का गा?"

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. पण तेवढ्यात पोटातली रवी फिरली, तो उठून बसला, बादली हाताला लागेना, आणि त्याच्या तोंडून निघालं, "बाई व!"

माणूस अशा वेळी मायला हाक मारतो. हा बहिणीला मारत होता. टाक्यांवर हात दाबून, सलाईनचा स्टँड ओढत बेबीबाई कधी त्याच्यापाशी पोचली ते तिलाच कळलं नाही. डॉक्टर "काकू, मोजे! काकू, मोजे!" ओरडत होत्या. तिनं त्याचं कपाळ तळहातानं धरलं. लहानपणी ताप आला की असंच धरायची.

सगळं निघून गेल्यावर तो उशीला टेकून म्हणाला, "त्या दिवशी ट्रॅक्टर भरून उभा होता. माय चुलीवरून चहाचं पाणी उतरवू देये ना. बेबी येईन म्हणे. आटलं की अजून एक गडवा टाके. दुपारपर्यंत टाके."

बेबीबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "उखळ भरून ठेवली होती न मायनं?"

सेवकरामनं डोळे उघडले.

"घरात जमिनीत गाडलेली उखळ," ती म्हणाली. "थे काई नेता येत नाई. रिकामी सोडाची नाई म्हणून धान भरलं होतं. वरून हळदीचं बोट लावलं होतं."

"थे तुले कोनं सांगतलं? म्या अन् मायनंच पाह्यलं होतं थे. निघता निघता भरली तिनं."

"कोन सांगन? उंदीर सांगन का?" बेबीबाई म्हणाली. "आली होती मी. रोवणी आटोपली त्या दिवशी, तशाच चिखलाच्या पायानं. साऱ्या गावात एक कुत्रं होतं. उखळीपाशी बसली, दोन दाणे पदराले बांधले अन् वापस आली. कोनाले सांगू? म्हणाले असते, आता कायले गेलती."

एक रिकाम्या घरी जाऊन आली आणि सांगितलं नाही. दुसरा दवाखान्याच्या दारापर्यंत आला आणि सांगितलं नाही. एकाच मायची लेकरं ती. शेवटी सेवकराम म्हणाला, "खुशबूच्या लग्नाले किती दिवस हायेत?" आणि बेबीबाईनं तोंड पदरात घेतलं.

हॉलातल्या जवळजवळ सगळ्यांच्या उलट्या दोन-तीन दिवसांत थांबल्या. त्या दुखण्याची ही आणखी एक तऱ्हा. वादळासारखं येतं, बहुतेकांना उभं करून निघूनही जातं. नागपूरहून निकाल आला, डॉक्टरांचा अंदाज खरा होता. सुट्टी देताना त्यांनी बेबीबाईला एकच गोष्ट विचारली. "पहिल्या देवकाबाई पडल्या. पण त्या पलंगावरून हलल्याच नव्हत्या, आणि त्यांना भेटायला तर कोणीच आलं नव्हतं. मग त्यांच्याकडे आलं कुठून?"

बेबीबाईच्या डोळ्यांसमोर संत्र्याच्या फोडी आल्या, शिरा काढलेल्या. ओकून ओकून सोकलेला नातू आला. आणि म्हातारी ओकायच्या आदल्या दिवशी, लोक काय म्हणतील म्हणून लाखनीहून तडक आलेली जाऊ, जी आली कोणाला भेटायला? घरी जाता येत असताना पलंग अडवून बसलेल्या बाईला.

लग्न झालं. खुशबूला सख्ख्या मामानं मंडपात आणलं, गळ्यापर्यंत बटण लावून. पंगतीच्या तोंडाशी साबणाच्या वड्या आणि पाण्याचा ड्रम होता, आणि तिथं गोमाजीला उभं केलेलं : "हात धुवा जी, चांगले चोळून." पाहुणे हसले, पण धुतले.

आता कोणी काय किंमत भरली ते पाहू. गोमाजीनं दोन दिवसांचं पोट आणि खर्रा भरला. खर्ऱ्याचं किती दिवस टिकलं ते टेकचंदला विचारावं. कुंदनच्या आईनं एक नवी साडी भरली आणि सुनेच्या माहेरचं पाणी जरा जपून प्यायची सवय लावून घेतली. मालनबाईनं सगळ्यांचं उपसलं, शेवटी स्वतः पडली, आणि तिचं उपसायला डॉक्टर मोनिकांशिवाय कोणी नव्हतं. सेवकराम तीन बाटल्या सलाईनवर सुटला. दुर्गाबाईला आजही वाटतं की आपण फक्त संत्री दिली. आणि बेबीबाईला जे हवं होतं ते सारं मिळालं, वर खडेही गेले.

राहिली देवकाबाई. मोडलेल्या खुब्याची, वाळल्या अंगाची म्हातारी. तिच्यातलं होतं नव्हतं ते पाणी गेलं, लघवी थांबली, तिला भंडाऱ्याला हलवावं लागलं. तिथं ती महिन्याच्या वर पडून होती. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात बेबीबाई तिला भेटायला गेली. दारातल्या नळावर साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, मग आत गेली. म्हातारीचा हात हातात घेतला तर नुसती काडी. पहिल्यांदाच आपल्याला भेटायला कोणी आलं म्हणून देवकाबाईचं तोंड उजळलं होतं.

"भाऊ आला का व तुया?" तिनं विचारलं.

"आला न माय."

"बरं झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "तुया जावेनं दिलं थे संत्रं लय गोड होतं."

बेबीबाईच्या भावाची सगळ्यात जास्त किंमत हिनं भरली होती, आणि ती अजून संत्र्याचेच उपकार मानत होती.